हातावरचे दाणे टिपणारी कोंबडी हवीय?

अंगणात चार कोंबड्या पाळायच्या, त्याही जवळ येणाऱ्या, मांडीवर बसणाऱ्या. रीलमध्ये हे फार सोपं दिसतं. पण कुठली जात घ्यायची, ती मिळते कुठे, आणि घरी आणल्यावर ती खरंच आपली होते का?

जत्रेतलं ते गुलाबी पिल्लू आठवतंय? आकाशपाळण्याच्या शेजारी, जाळीच्या टोपलीत दाटीवाटीनं चिवचिवणारी हिरवी, निळी, गुलाबी पिल्लं. आपण हट्ट करायचा, आईनं नाही म्हणायचं आणि शेवटी बाबांनी खिशात हात घालायचा. घरी बुटाचं खोकं, त्यात जुना टॉवेल, झाकणात पाणी. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सकाळी उठून बघावं तर खोकं एकदम शांत. "त्याला थंडी लागली गं," असं कुणीतरी सांगायचं आणि विषय संपायचा.

आता आपण मोठे झालोय, त्यामुळे सांगायला हरकत नाही. ती पिल्लं गुलाबी नव्हतीच आणि त्यातली बहुतेक कधी अंडी देणारी कोंबडीही होणार नव्हती. अंड्यांच्या धंद्यातल्या हॅचरीत नर पिल्लांना काहीच किंमत नसते. ती अंडी देत नाहीत आणि ब्रॉयलरसारखं मांसही धरत नाहीत. अशी नको असलेली पिल्लं रंगात बुडवून जत्रेत येतात. ऊब नाही, लस नाही, दिवसभर ऊन आणि लहान मुलांचे हात. त्यातलं एखादं जगलंच तर नवल.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे आता आपल्यातले बरेच जण मोठेपणी तोच हट्ट करायला लागलेत. 'फ्रेंडली कोंबडी' शोधलं की परदेशी याद्या समोर येतात आणि त्यात पहिल्या पाचांत आपल्या बाजारात सहज न दिसणारी नावं असतात. म्हणून या वेळी आपल्याकडच्या कोंबड्यांबद्दल बोलू. आणि माझ्या हातून काय चुकलं, तेही सांगते.

मोत्याची गोष्ट

बारावीची परीक्षा संपली आणि मी सुट्टीला गावी आजीकडे गेले. मोटरसायकलला जाळीचा पिंजरा बांधून एक पिल्लंवाला आला. "गावरान हायेत ताई, सगळ्या माद्या," म्हणाला. मी सहा घेतली आणि त्याच संध्याकाळी सहाही जणांची नावं ठेवली. त्यातलं एक तांबूस पिल्लू म्हणजे मोत्या. मी मोबाइल बघत बसले की तो मांडीवर येऊन झोपायचा.

चौथ्या महिन्यात सहातली चार आरवायला लागली.

मग आखाड आला. चारातले तीन गेले. मी त्या दिवशी जेवले नाही. आजीला माझा रागही आला आणि वाईटही वाटलं. "नाव ठेवायच्या आधी इचार करायचा असतो," एवढंच ती म्हणाली. मोत्याला मात्र मी हट्टानं वाचवला. नंतर कॉलेज सुरू झालं, मी पुण्याला आले आणि मोत्या आजीच्या गळ्यात पडला. दिवाळीत घरी गेले तेव्हा कळलं की त्यानं शेजारच्या चार वर्षांच्या मुलीवर झडप घातली होती. ओरखडा डोळ्याच्या बोटभर खाली होता. बोटभर वर असता तर? शेवटी आजीनं त्याला मळ्यात राहणाऱ्या एका नातेवाइकाकडे पोचवला.

सगळ्यात लाडावलेला, सगळ्यात माणसाळलेला कोंबडाच असं का वागला? हे मला खूप नंतर समजलं. त्याबद्दल पुढे सांगतेच. आधी मुद्द्याची गोष्ट: मी जात, नर-मादी, वय यातलं काहीही न बघता पिल्लं घेतली होती. तुम्ही तसं करू नका.

भीती कमी, दोस्ती जास्त

कोंबडीचा मूळ पूर्वज म्हणजे लाल रानकोंबडा. आपल्या सह्याद्रीत दिसणारा राखी रानकोंबडा हा त्याचा चुलत भाऊ. पाळीव कोंबड्यांच्या पायांचा आणि कातडीचा पिवळा रंग या राखी रानकोंबड्याकडून आला, हे २००८ मध्ये जनुकांच्या अभ्यासातून पुढे आलं. म्हणजे तुमच्या अंगणातल्या पिवळ्या पायांच्या कोंबडीत पश्चिम घाटाचा थोडा अंश असू शकतो!

रानकोंबडा माणसाची चाहूल लागली की पळतो. स्वीडनमधल्या लिंशॉपिंग विद्यापीठात पेर येन्सन यांच्या गटानं लाल रानकोंबड्यांमधले माणसाला कमी घाबरणारे पक्षी निवडून त्यांचीच पुढची पिढी वाढवली. काही पिढ्यांतच ते पक्षी जास्त वजनाचे झाले आणि अंडीही मोठी द्यायला लागले. म्हणजे घाबरटपणा काही प्रमाणात रक्तातून येतो. 'जात बघून घ्या' या सल्ल्यात तथ्य आहे ते एवढ्यासाठी.

पण दुसरी बाजूही आहे. अंड्यातून बाहेर आल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत पिल्लू समोर जे हलताना बघतं, त्याच्या मागे जायला शिकतं. डग्लस स्पाल्डिंग या इंग्रज अभ्यासकानं १८७३ मध्येच कोंबडीच्या पिल्लांबद्दल हे लिहून ठेवलंय. म्हणजे अर्धं काम जात करते आणि उरलेलं अर्धं तुमचा हात करतो. दुकानातून तुम्ही फक्त पहिलं अर्धं विकत घेऊ शकता.

आपल्याकडे काय काय मिळतं?

एक ढोबळ नियम लक्षात ठेवा. अंगानं जड, गुबगुबीत कोंबड्या सहसा शांत असतात. सडपातळ, हलक्या कोंबड्या चपळ आणि बुजऱ्या असतात. याला अपवाद आहेत, पण सुरुवातीला हा नियम कामी येतो.

गिरिराज आणि वनराज: पहिल्यांदाच पाळणार असाल तर डोळे झाकून या दोनपैकी एक. गिरिराज बेंगळुरूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात तयार झाली, तर वनराज हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयात. दोन्ही परसातल्या पालनासाठीच तयार केलेल्या आहेत. रंगीत पिसं, भारदस्त अंग, स्वभाव शांत. उडून कौलांवर जाऊन बसायचा त्रास कमी. वनराज वर्षाला साधारण १०० ते ११० अंडी देते, गिरिराज त्याहून थोडी जास्त. पण जो शांतपणा तुम्हाला आवडतो, तोच कुत्र्यालाही आवडतो. जड असल्यामुळे यांना पळता येत नाही. कुंपण नसेल तर यांना मोकळं सोडू नका.

ऱ्होड आयलंड रेड: गावाकडे हिला सरळ 'आरआयआर' म्हणतात. गडद तांबडा रंग. मूळची अमेरिकेतली, तिथल्या ऱ्होड आयलंड राज्याचा तर १९५४ पासून हा राज्यपक्षी आहे. कोंबडी चौकस असते. तुम्ही बादली ठेवली की ती आधी बादलीत डोकावणार, चपला काढल्या की चपलांना टोचणार. वर्षाला १५० च्या पुढे अंडी देते. मात्र हिचे नर तापट निघू शकतात.

ग्रामप्रिया: वनराजची हैदराबादचीच बहीण, पण अंड्यांसाठी तयार केलेली. परसात १६० ते १८० अंडी. वनराजपेक्षा हलकी आणि जास्त चपळ. अंडी हवी असतील आणि मांडीवर बसणं हा बोनस वाटत असेल, तर ही चालेल.

गावरान: ही एक जात नाही, गावोगावची वेगवेगळी कोंबडी आहे. नंदुरबार-नवापूर पट्ट्यातल्या 'बुसरा'सारख्या काहींची जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर नोंद झालीय. गावरान कोंबडी चलाख असते. घार दिसली की झुडपात, संध्याकाळी झाडावर. वर्षाला ५० ते ८० अंडी, पण खुडूक झाली की २१ दिवस निष्ठेनं रवणीला बसते आणि पिल्लांसाठी मांजराच्याही अंगावर धावून जाते. मोठी झालेली गावरान आणली तर ती तुमच्याशी दोस्ती करेल ही आशा सोडा. पिल्लापासून हाताळली तर गोष्ट वेगळी.

असील: इथे अनेकांची फसगत होते. झुंजीची जात, म्हणजे रागीट असणार असं आपण समजतो. पण असील माणसांशी कमालीचा शांत वागतो. त्याचं वैर असतं ते दुसऱ्या असीलशी. कोंबड्याच नाही, कोंबड्यासुद्धा म्हणजे माद्यासुद्धा आपापसात भांडतात. चार-पाच कोंबड्यांच्या छोट्या कळपात त्यामुळे तो बसत नाही. आणि झुंजी लावणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे, हेही माहीत असू द्या.

कडकनाथ: काळी कातडी, काळं मांस, मध्य प्रदेशातल्या झाबुआची शान. २०१८ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. दिसायला जबरदस्त, पण स्वभावानं बुजरी, आणि खुडूकही क्वचितच होते. महाग आहे म्हणून माणसाळलेली असेल असं नाही. दुसरं म्हणजे 'कडकनाथ पाळा, आम्ही अंडी विकत घेऊ' अशा योजनांपासून लांब राहा. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर भागात अशा गुंतवणुकीत अनेक शेतकऱ्यांचे पैसे बुडाले.

व्हाइट लेगहॉर्न: बाजारातली पांढरी अंडी बहुतेक याच घराण्यातल्या कोंबड्यांची. अंड्यांचं मशीनच, पण फार घाबरट. खुराड्याचं दार जोरात लावलं तरी सगळा कळप भिंतीवर आपटतो.

रीलमधल्या पाहुण्या

सिल्की, ब्रह्मा, कोचीन, ऑर्पिंग्टन. परदेशी याद्यांमधली ही नावं खोटी नाहीत. या कोंबड्या खरंच गरीब स्वभावाच्या असतात. मोठ्या शहरांतल्या हौशी पक्षीपालकांकडे आणि पेट शॉपमध्ये यातल्या काही मिळतातही. ब्रह्माचं नाव ब्रह्मपुत्रेवरून पडलं असलं तरी तिचे पूर्वज चीनमधून अमेरिकेला गेले आणि जात घडली ती अमेरिकेत. ऑर्पिंग्टन इंग्लंडमधल्या केंटची. जाड पिसांचा कोट घालूनच या जन्माला येतात. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात यांचं काय होईल, विचार करा. कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकत अंग थंड करते, आणि ४० अंशांच्या पुढे गेलं की तेही पुरत नाही.

सिल्कीची अडचण वेगळी. तिची पिसं कापसासारखी असतात, त्यामुळे पाणी ओघळून जात नाही, ती चिंब भिजते. डोक्यावरच्या झुलपामुळे वरची घार दिसत नाही. कोकणातल्या पावसाळ्यात ती अंगणात नाही, पडवीतच ठेवावी लागेल. गंमत म्हणजे पिसांचा पांढरा गोळा बाजूला केला की आतली कातडी काळी, अगदी कडकनाथसारखी. दोघींचा काळेपणा एकाच जनुकीय बदलातून आलाय. कोरडी, सावलीची जागा आणि रोज वेळ देणारं कुणी घरात असेल तर सिल्की जरूर पाळा. नाहीतर रीलला लाइक करा आणि गिरिराज आणा.

मिळणार कुठे?

पहिला पर्याय सरकारी. पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे पशुसंवर्धन विभागाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं आहेत. मुंबईत गोरेगावच्या आरे कॉलनीत केंद्र सरकारची कुक्कुट विकास संस्था आहे. याशिवाय तुमच्या जिल्ह्यातलं कृषी विज्ञान केंद्र आणि तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना. कुठली जात कधी मिळेल, हे हंगामावर ठरतं, त्यामुळे आधी फोन करा आणि नाव नोंदवा. सरकारी ठिकाणाहून आणल्याचा फायदा असा की गिरिराज सांगितली तर गिरिराजच मिळते.

पण इथे मुख्यतः एक दिवसाची पिल्लं मिळतात आणि त्यात नर-मादी वेगळे केलेले नसतात. म्हणजे दहा आणली तर साधारण पाच कोंबडे निघणार. माझ्या मोत्याचं गणित तुम्हाला आता कळलं असेल.

म्हणून दुसरा पर्याय: तलंगा. तलंग म्हणजे अंड्यावर यायच्या आधीची तरुण कोंबडी. आठ-दहा आठवड्यांपर्यंत वाढवलेल्या, लस झालेल्या तलंगा विकणारे छोटे कुक्कुटपालक बहुतेक तालुक्यांत असतात. या वयात बऱ्याचशा जातींमध्ये तुरा आणि पिसांवरून नर-मादी ओळखू येतात, बल्बची ऊबही लागत नाही. किंमत पिल्लापेक्षा जास्त असते, पण कॉलेज सांभाळून पाळायच्या असतील तर ती देण्यासारखी आहे. तोटा एकच: लहानपणीचा दोस्तीचा काळ निघून गेलेला असतो, त्यामुळे जास्त धीर धरावा लागतो.

तिसरा पर्याय आठवडी बाजार. इथे जपून. उलट्या टांगून आणलेल्या, दिवसभर उन्हात बांधलेल्या कोंबड्या कुठल्या गावातून, कुठला आजार घेऊन आल्यात ते कळत नाही. घेतलीच तर घरच्या कोंबड्यांपासून दोन-तीन आठवडे वेगळी ठेवा.

घेताना काय बघाल? डोळे चमकदार, नाक कोरडं, मागची पिसं स्वच्छ, पायांवर खपल्या नाहीत. मग स्वभावाची परीक्षा. पालकाला विचारून खुराड्याजवळ पाच-दहा मिनिटं नुसते उकिडवे बसा. काही कोंबड्या कोपऱ्यात कोंबून घेतील. एखादी मान वाकडी करून तुमच्याकडे बघत राहील. एखादी दोन पावलं पुढे येऊन बुटाच्या लेसला टोचेल. ती घ्या. त्याच खुराड्यात, त्याच जातीत एवढा फरक असतो.

आणि एक: गिरिराज, वनराज, ग्रामप्रिया या संकरित आहेत. त्यांची अंडी उबवून पुढची पिल्लं काढली तर ती आईसारखी निघत नाहीत. 'माझ्याकडच्याच गिरिराजची पिल्लं आहेत' असं कुणी सांगितलं तर हे लक्षात असू द्या.

दोस्ती कशी करायची?

एक दिवसाची पिल्लं आणली असतील तर आधी ऊब. पहिल्या आठवड्यात साधारण ३५ अंश, नंतर दर आठवड्याला तीनेक अंश कमी. थर्मामीटर नसेल तर पिल्लंच सांगतात. बल्बखाली ढीग करून बसली तर थंडी वाजतेय, कडेला पळून पंख पसरले तर उकडतंय, सगळीकडे विखरून दाणे टिपतायत तर मस्त चाललंय. खाली गुळगुळीत वर्तमानपत्र नको (आमची पुरवणीसुद्धा नको!), पाय फाकतात. भाताचं तूस पसरा.

लसीकरण विसरू नका. मरेक्सची लस हॅचरीतच पहिल्या दिवशी देतात. पहिल्या आठवड्यात राणीखेतची, म्हणजे मानमोडीची, लासोटा लस डोळ्यात थेंब टाकून, दुसऱ्या आठवड्याच्या सुमाराला गंबोरोची. नंतरचं वेळापत्रक दवाखान्यातून लिहून घ्या. लसीची एक बाटली शंभर किंवा जास्त पक्ष्यांची असते आणि फोडली की काही तासांत संपवावी लागते. त्यामुळे गल्लीतल्या, वस्तीतल्या कोंबडीवाल्यांनी एकाच दिवशी लस करून घ्यावी.

आता दोस्ती. कोंबडीचा जन्मजात शत्रू वरून येतो. म्हणून वरून हात घातला की ती घाबरणारच. खाली बसा, हात जमिनीवर ठेवा, तळहातावर थोडी कणी किंवा बाजरी. पहिले काही दिवस पकडायचं नाही, नुसतं खाऊ द्यायचं. दाणे टाकताना रोज एकच आवाज काढा. आठवडाभरात त्या आवाजाला पळत येतात. उचलायचं झालं तर दोन्ही हातांनी पंख अंगाशी धरून, खालून आधार देऊन. दिवसातून दोनदा दहा मिनिटं पुरतात, पण रोज. रविवारी तास आणि एरवी शून्य, याला अर्थ नाही.

एकच कोंबडी पाळू नका. ती कळपाचा प्राणी आहे, कमीत कमी तीन हव्यात. त्यांच्यात कोण आधी खाणार, कोण कोणाला टोचणार याची उतरंड ठरलेली असते. नॉर्वेच्या शेल्डरुप-एब्बे यांनी ती शंभर वर्षांपूर्वी मांडली. नवी कोंबडी थेट आत सोडली तर ही उतरंड मोडते आणि रक्त निघेपर्यंत मारामारी होते. आधी काही दिवस मधे जाळी ठेवून एकमेकींना बघू द्या, मग संध्याकाळी अंधार पडताना आत सोडा.

आणि मोत्या असा का झाला, ते आता सांगते. पिल्लू असताना माणसाची भीती मोडलेला नर मोठा झाला की माणसाला प्रतिस्पर्धी कोंबडा समजू शकतो. भीती नाही, त्यामुळे मागेही सरत नाही. त्याचा दोष नव्हता. मी त्याला मांडीवर झोपवत होते तेव्हाच हे ठरत होतं. त्यामुळे लाड कोंबड्यांचे करा, म्हणजे माद्यांचे. नराला दाणा-पाणी द्या, माया करा, पण अंतर ठेवून. खरं तर अंडी हवी असतील तर नर लागतच नाही. कोंबडा नसला तरी कोंबडी अंडी देते, फक्त त्यातून पिल्लं निघत नाहीत.

आणायच्या आधी तीन प्रश्न

पहिला प्रश्न शेजाऱ्यांचा. सोसायटीत राहत असाल तर तिचे नियम, गावात-शहरात असाल तर ग्रामपंचायत किंवा पालिकेचे नियम आधी विचारा. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, आणि झाकलेलं कोंबडं आरवायचंही राहत नाही. पहाटे चारला तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना हे पटवून सांगायची तयारी आहे का?

दुसरा प्रश्न हिशेबाचा. एक मोठी कोंबडी दिवसाला साधारण ११० ग्रॅम खाते. चार कोंबड्या म्हणजे महिन्याला तेरा किलोच्या आसपास. फिरून किडे-गवत खाल्लं तर थोडं कमी. शिवाय रात्रीचं पक्कं खुराडं, मुंगूस शिरणार नाही अशी बारीक जाळी, कवच टणक व्हावं म्हणून शिंपल्यांची भरड. चार आरआयआर असतील तर दिवसाला सरासरी दोन अंडी येतील. यात श्रीमंत कुणी होत नाही. हाताळल्यावर हात साबणानं धुवायचे, हे रोजचं. आणि एकाएकी दोन-चार कोंबड्या मेल्या तर उघड्या हातानं न उचलता आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायचं. देशात बर्ड फ्लू पहिल्यांदा आढळला तो २००६ मध्ये, आपल्याच नवापूरला. आपल्याकडे चारच आहेत म्हणून आपण त्यातून सुटत नाही.

तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड आहे आणि तो तुमचा आहे. कोंबडी पाचव्या-सहाव्या महिन्यात अंड्यावर येते, पहिली दोन वर्षं भरपूर अंडी देते, मग ती कमी होत जातात. पण नीट सांभाळली तर ती सहा-आठ वर्षं जगते. आज तुम्ही एसवायला आहात. सहा वर्षांनी कुठे असाल? अंडी न देणारी, पण तुमच्या आवाजाला पळत येणारी कोंबडी तेव्हा कोण सांभाळेल? घरात कोंबडी खाणं काही गुन्हा नाही, आमच्याकडेही होतं. पण कोणती खायची आणि कोणती नाही, हे पिल्लं आणायच्या दिवशी सगळ्यांनी मिळून ठरवा, आखाडाच्या आदल्या दिवशी नको.

मी दुसऱ्या वेळी हे प्रश्न आजीला विचारले. ती म्हणाली, "चारच आण. कोंबडा नको. आणि म्हाताऱ्या झाल्या तर राहू देत, मी पण हायेच की." आता तिच्याकडे दोन गिरिराज, एक आरआयआर आणि एक गावरान आहे. पहिल्या तिघी तलंगा म्हणून आणल्या. शांत आहेत, हातावरचे दाणे खातात, पण उचललेलं फारसं आवडत नाही. गावरान मात्र शेजारच्या रवणीतली. आईनं टाकलेलं एकटं पिल्लू आजीनं चुलीजवळ डालग्याखाली वाढवलं, दिवसभर तिच्याच पायांत असायचं. यादीतली सगळ्यात बुजरी म्हणून मी जिच्याबद्दल वर लिहिलं, तीच आज आजी भाजी निवडायला बसली की तिच्या खांद्यावर चढून बसते.

तिला अजून नाव ठेवलेलं नाही. मी गेल्या वेळी एक सुचवलं. आजी म्हणाली, "तू हितं ऱ्हायला आलीस की ठेव."

तुम्हालाही हॅचरीला फोन करायच्या आधी घरी एक फोन करावा लागेल. रोज दिवेलागणीला खुराड्याचं दार कोण लावणार, एवढंच विचारा. 'मी लावेन' असं म्हणणारं माणूस मिळालं, तर बाकी सगळं जमण्यासारखं आहे.